सरकारी अनुदानातला पेपर खुला ठेवायचाय, प्रकाशक ३,००० डॉलर मागतोय. नियम नेमका काय?

पेट्रीडिश

जीवशास्त्रातला पेपर आहे. मुख्य काम पुण्यातल्या केंद्रीय संस्थेत डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) प्रकल्पातून झालं. सीक्वेन्सिंगचा भाग बाल्टिमोरच्या सहलेखकांनी त्यांच्या एनआयएच (अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था) ग्रांटमधून केला. आभारात दोन्ही प्रकल्प क्रमांक दिलेले आहेत. पेपर गेल्या आठवड्यात स्वीकारला गेला.

जर्नल वर्गणीवर चालणारं आहे. स्वीकृतीच्या मेलमध्ये 'तुमच्या अनुदानदात्याच्या नियमांसाठी ओपन अ‍ॅक्सेसचा पर्याय निवडा' असं लिहून सुमारे ३,००० डॉलरची एपीसी (पेपर खुला करण्यासाठी लेखकाने भरायचं शुल्क) सांगितली आहे. प्रकल्पात तेवढे पैसे उरलेले नाहीत.

प्रश्न असे:

१. डीबीटीच्या नियमासाठी पैसे भरून पेपर खुला करावाच लागतो का?
२. एनआयएचचा नियम पुण्यातल्या लेखकांनाही लागू होतो का, आणि कुणी काय अपलोड करायचं?
३. अमेरिकेत यासाठी कायदा आहे म्हणतात. आपल्याकडे कायदा आहे की नुसतंच धोरण?
४. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' (सरकारने संस्थांसाठी एकत्र घेतलेली जर्नल्सची वर्गणी) आल्यावर या सगळ्याची गरज उरते का?

प्रकाशकाच्या करारावर अजून सही केलेली नाही.

---

संदर्भकक्ष

सही केलेली नाही हे उत्तम. ती दोन दिवस तशीच थांबवा, खालचं आधी करा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. डीबीटी आणि डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) यांचं संयुक्त ओपन अ‍ॅक्सेस धोरण डिसेंबर २०१४ मध्ये आलं. २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून पूर्ण किंवा अंशतः निधी मिळालेल्या प्रकल्पांतल्या पेपरांना ते लागू आहे. त्यात मागणी एवढीच आहे की समीक्षा पूर्ण झालेलं अंतिम स्वीकृत हस्तलिखित स्वीकृतीपासून दोन आठवड्यांच्या आत संस्थेच्या रिपॉझिटरीत (पेपरांच्या ऑनलाइन संग्रहात) जमा करा. प्रकाशकाची अट असेल तर पूर्ण मजकूर काही काळ बंद ठेवता येतो, पण तो काळ एक वर्षाहून जास्त नसावा. एपीसी भरा असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट पुढच्या अनुदानाचा विचार करताना जर्नलचं नाव बघणार नाही, कामाची गुणवत्ता बघू, असंही त्याच धोरणात लिहिलेलं आहे. (हे निवड समितीतल्या लोकांनी वाचलंय का, हा वेगळा धागा होईल.)

आता 'स्वीकृत हस्तलिखित' म्हणजे कोणती फाइल, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. समीक्षकांच्या सगळ्या सूचना अंतर्भूत झालेली, संपादकाने 'स्वीकारलं' म्हटलेली, पण प्रकाशकाने अजून भाषेवर किंवा मांडणीवर हात न फिरवलेली तुमची वर्ड किंवा लाटेकची प्रत. पहिल्यांदा पाठवलेलं हस्तलिखित चालत नाही, कारण त्यात समीक्षेनंतरचे बदल नसतात. गॅली प्रूफही (प्रकाशकाने मांडणी करून तपासायला पाठवलेली प्रत) चालत नाही. जर्नलच्या मांडणीतली पीडीएफ तर नाहीच, ती प्रकाशकाची असते. आमच्याकडे येणाऱ्या फायली परत पाठवाव्या लागतात त्या बहुतेक या शेवटच्या कारणासाठी.

ही फाइल आजच शोधून ठेवा. सहा महिन्यांनी शोधायला गेलात तर 'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल_खरंच' अशा तीन सापडतात आणि पहिला लेखक पोस्टडॉकसाठी परदेशी गेलेला असतो. खात्री नसेल तर जर्नलच्या सबमिशन सिस्टिममधून शेवटच्या सुधारित आवृत्तीची पीडीएफ उतरवून तिच्याशी ताडून बघा. आकृत्या आणि पूरक फायली वेगळ्या अपलोड केल्या असतील तर त्याही सोबत हव्यात. नुसता मजकूर जमा करून 'आकृती ३ पाहा' असं लिहिलेलं वाचकाच्या काही कामाचं नाही.

जमा करताना:

– पहिल्या पानावर 'स्वीकृत हस्तलिखित' असं स्पष्ट लिहा, जर्नलचं नाव आणि डीओआय (पेपरचा कायमस्वरूपी ऑनलाइन क्रमांक) द्या. डीओआय अजून मिळाला नसेल तर नंतर भरता येतो, त्यासाठी थांबू नका.
– प्रकल्प क्रमांक आभारात आहे तसाच, एकही रेघ न बदलता, मेटाडेटात (नोंदीच्या माहितीत) टाका. डीबीटीच्या क्रमांकातल्या तिरक्या रेघा काढून टाकल्या की पुढे कुणाला शोधून सापडत नाही.
– जर्नलची स्वतःची अट 'ओपन पॉलिसी फाइंडर' या जर्नल्सच्या अटी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर बघा. जुन्या लोकांना हे शेर्पा रोमिओ म्हणून माहीत आहे, नाव बदललंय. जर्नलच्या नावाऐवजी आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकून शोधा, सारख्या नावाची जर्नल्स बरीच असतात. त्यात कोणती आवृत्ती, कुठे आणि किती महिन्यांनी खुली करता येते हे तीन वेगवेगळ्या रकान्यांत असतं. स्वतःच्या वेबपेजसाठीची मुभा संस्थेच्या रिपॉझिटरीला लागू होतेच असं नाही.

संस्थेची रिपॉझिटरी नसेल तर ग्रंथपालांना विचारा. बऱ्याच ठिकाणी ती असते, फक्त लेखकांना पत्ता नसतो. बंगळुरूच्या आयआयएस्सीची ईप्रिंट्स रिपॉझिटरी २००२ पासून चालू आहे, तेव्हा 'आपल्याकडे हे नवीन आहे' हे कारण पुरत नाही. रिसर्चगेट म्हणजे रिपॉझिटरी नव्हे.

एनआयएचबद्दल पोटोमॅककर सांगतील.

---

पोटोमॅककर

एनआयएचचा नियम पैशाच्या मागे जातो, लेखकाच्या पत्त्यामागे नाही. एनआयएचचा पैसा पूर्ण किंवा अंशतः लागलेला समीक्षित पेपर, लेखक पुण्यात असो वा बाल्टिमोरमध्ये, पबमेड सेंट्रलमध्ये (पीएमसी, पेपरांचा खुला ऑनलाइन संग्रह) गेलाच पाहिजे. आणि १ जुलै २०२५ पासून स्वीकारलेल्या पेपरांना बारा महिन्यांची जुनी सवलत नाही. स्वीकृती मिळाली की हस्तलिखित एनआयएचएमएस या यंत्रणेत जमा करायचं, जर्नलमध्ये अधिकृतपणे प्रकाशित होईल त्याच तारखेला ते पीएमसीवर खुलं होतं.

याला एक डॉलरही लागत नाही. जमा करणं फुकट आहे. केवळ एनआयएचचा नियम पाळण्यासाठी म्हणून प्रकाशकाने लावलेलं शुल्क ग्रांटमधून भरता येत नाही, असंही एनआयएचने मार्गदर्शनात म्हटलंय. त्यामुळे 'अनुदानदात्याच्या नियमांसाठी' हे मेलमधलं वाक्य फार चतुर आहे. सशुल्क पर्याय घेतला तर नियम पाळला जाईल हे खरं. तोच एक मार्ग आहे हे खोटं.

पायऱ्या अशा:

१. ज्याच्या नावावर ग्रांट आहे त्या सहलेखकाने (किंवा त्याने नेमलेल्या कुणीही) ईआरए कॉमन्सच्या (एनआयएचच्या ग्रांट पोर्टलच्या) खात्याने एनआयएचएमएसमध्ये जायचं. तुम्ही लेखक म्हणून फायली अपलोड करू शकता, पण ग्रांट जोडणं त्यांच्या हातून झालेलं बरं.
२. जर्नल निवडा, शीर्षक टाका, ग्रांट क्रमांक जोडा, हस्तलिखित, आकृत्या, तक्ते आणि पूरक फायली चढवा. वर संदर्भकक्ष यांनी सांगितलेलीच फाइल इथेही लागते.
३. लेखकाची पहिली मंजुरी. यंत्रणा सगळ्या फायलींची एक पीडीएफ बनवून दाखवते. याच वेळी एनआयएचला परवाना देत असल्याचं मान्य करायचं असतं.
४. एनआयएचएमएसचे लोक त्याचं एक्सएमएल करतात आणि वेबवरची प्रत दाखवतात.
५. लेखकाची दुसरी मंजुरी. त्यानंतरच पीएमसीआयडी (पीएमसीमधल्या प्रतीचा क्रमांक) मिळतो.

अडकतं ते पाचव्या पायरीवर. पहिली मंजुरी देऊन सगळे निश्चिंत होतात, दुसऱ्या मंजुरीचा मेल स्पॅममध्ये जातो, आणि पेपर महिनोन्‌महिने अर्धवट पडून राहतो. मंजुरी देणारा म्हणून प्रयोगशाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव टाकू नका. दुसरी चूक म्हणजे पीएमआयडी दाखवून 'झालं' म्हणणं. पीएमआयडी हा पबमेडमधल्या नोंदीचा क्रमांक, तो सारांशालाही मिळतो. नियम पाळल्याचा पुरावा पीएमसीआयडी आहे.

आता कायद्याचं. २००५ मध्ये एनआयएचने हेच ऐच्छिक ठेवून पाहिलं, लेखकांनी जवळपास दुर्लक्ष केलं. मग अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) २००८ च्या एकत्रित विनियोजन कायद्यात कलम २१८ घातलं. हा कायदा डिसेंबर २००७ मध्ये सही होऊन पब्लिक लॉ ११०-१६१ झाला, आणि ७ एप्रिल २००८ पासून बारा महिन्यांच्या आत पीएमसीवर हे सक्तीचं झालं. पुढच्या वर्षी ते कायमस्वरूपी केलं. गंमत म्हणजे हे स्वतंत्र विधेयक म्हणून कधी पास झालेलं नाही, खर्चाच्या जाडजूड कायद्यात एका परिच्छेदाने आत आलं.

सगळ्या मोठ्या खात्यांसाठीचं स्वतंत्र विधेयकही होतं. सिनेटर कॉर्निन (रिपब्लिकन) आणि लिबरमन यांनी २००६ मध्ये आणलेलं, नाव फेडरल रिसर्च पब्लिक अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट. बाहेरच्या संशोधनावर वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त खर्च करणाऱ्या खात्यांना सहा महिन्यांची मुदत. २००९, २०१२ मध्ये पुन्हा मांडलं, २०१३ पासून 'फास्टर' या नावाने आलं, २०१५ मध्ये सिनेटच्या समितीतून बाहेर पडताना सहाचे बारा महिने झाले. कायदा झालाच नाही. उलट बाजूने डिसेंबर २०११ मध्ये रिसर्च वर्क्स अ‍ॅक्ट आला, तो एनआयएचचं धोरणच बंद पाडणारा होता. संशोधकांच्या बहिष्कारानंतर एल्सव्हियर या मोठ्या प्रकाशकाने फेब्रुवारी २०१२ मध्ये पाठिंबा काढला आणि मांडणाऱ्यांनी तो सोडून दिला.

अमेरिकी काँग्रेसमध्ये अडकलं ते व्हाइट हाउसच्या पत्रांनी झालं. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या विज्ञान कार्यालयाचे प्रमुख होल्ड्रेन यांचं पत्र निघालं: मोठी खाती, बारा महिने. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कार्यालयाच्या नेल्सन यांचं: सगळी खाती, शून्य महिने, २०२५ संपण्याआधी. पण पत्र म्हणजे कायदा नव्हे, पुढचं सरकार ते बदलू शकतं. एनआयएचचा पाया त्या मानाने पक्का, कारण खाली कलम आहे.

आणि त्याला दात आहेत. जुलै २०१३ पासून नियम न पाळलेले पेपर यादीत असतील तर ग्रांटचा पुढच्या वर्षाचा हप्ता अडकतो. तेव्हा बाल्टिमोरवाले हे काम टाळणार नाहीत, काळजी नको.

---

कलम_एकोणीस

तिसऱ्या प्रश्नाचं थेट उत्तर: भारतात असा कायदा नाही, धोरणं आहेत. डीबीटी-डीएसटीचं वर आलंच, कृषी संशोधनासाठी आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) २०१३ चं आहे. डिसेंबर २०२० च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यात सार्वजनिक निधीतले सगळे पेपर 'इंडस्टा' नावाच्या केंद्रीय संग्रहात ठेवायचं म्हटलं होतं, तो मसुदाच राहिला. सरकारी पैशातल्या संशोधनाबद्दल संसदेत आलेलं विधेयक म्हणजे २००८ चं बौद्धिक संपदेचं, तेही पेटंट घेऊन विकण्याबद्दल. लोकांनी वाचण्याबद्दल नव्हे.

पण धोरण की कायदा यापेक्षा बघायचं असतं ते हे: लेखकाने प्रकाशकाला सगळे हक्क लिहून दिले तरी नियम टिकतो का?

अमेरिकेत टिकतो. संघीय नियमावलीत (२ सीएफआर २००.३१५) अनुदान घेतानाच सरकारला त्या कामाच्या प्रती काढण्याचा आणि प्रसिद्ध करण्याचा अनन्य नसलेला, परत न घेता येणारा परवाना मिळतो. तो प्रकाशकाच्या कराराच्या आधीचा. म्हणजे लेखक नंतर जे विकतो ते आधीच बोजा असलेलं असतं.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स यांनी दुसरा मार्ग घेतला: अनुदानाच्या अटीत नाही, थेट लेखकाच्या हक्कात. जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८(४) नुसार निम्म्याहून कमी नाही इतका सार्वजनिक निधी असेल आणि नियतकालिक वर्षातून किमान दोनदा निघत असेल, तर प्रकाशनानंतर बारा महिन्यांनी लेखक स्वीकृत हस्तलिखित अव्यावसायिक कारणासाठी खुलं करू शकतो, मूळ प्रकाशनाचा उल्लेख करून. याविरुद्ध केलेला करार त्या मुद्द्यापुरता अवैध. फ्रान्समध्ये २०१६ च्या डिजिटल प्रजासत्ताक कायद्याने विज्ञान-तंत्रज्ञान-वैद्यकाला सहा आणि मानव्यविद्यांना बारा महिने दिले. नेदरलँड्सने २०१५ मध्ये 'वाजवी कालावधी' असा शब्द घातला, विद्यापीठांनी तो व्यवहारात सहा महिने धरला. माझ्या मते आपल्याकडे कधी काही करायचं तर हीच वाट बरी, कारण इथे सक्ती करणारी यंत्रणा उभी न करताही लेखकाच्या हातात काहीतरी येतं.

आपल्या धोरणाला यातलं काहीच नाही. स्पष्ट पूर्वपरवाना नाही, कलम नाही. म्हणून करारावर सही करायचा दिवस महत्त्वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ मदतीला येतं, पण थोडंच: हस्तांतरण लेखी हवं, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. प्रकाशकांच्या करारात 'जगभर' आणि 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' हे दोन्ही असतंच, शिवाय लागू कायदा परदेशातला. म्हणजे कलम १९ वर विसंबून राहू नका. कलम १७ही बघा: नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकसंस्था असते. बहुतेक संस्था आपल्या आयपी (बौद्धिक संपदा) धोरणात पेपरचे हक्क लेखकांना देतात, पण ते कागदावर आहे ना, एकदा बघून घ्या.

सही करताना काय करायचं: प्रकाशकाच्या पोर्टलवर 'अनुदानदाता कोण' असा रकाना येतो, त्यात दोन्ही नावं निवडा. नाव न निवडल्यास काही पोर्टल जमा करण्याची मुभा असलेला कराराचा नमुना दाखवतच नाहीत. तरीही अडलं तर करारासोबत एका परिच्छेदाची पुरवणी जोडा: स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या रिपॉझिटरीत आणि पीएमसीमध्ये ठेवण्याचा हक्क लेखक राखून ठेवत आहेत. ती संपादकीय कार्यालयाला मेलने पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. पुढच्या पेपरला हेच वाक्य हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर, सबमिशनच्या वेळीच घाला. स्वीकृतीनंतर मागणी केली की प्रकाशक घासाघीस करतो, आधी लिहिलेलं असलं की त्याला ते माहीत असून त्याने समीक्षा केलेली असते.

---

पेट्रीडिश

सर्वांचे आभार. करार उघडून बघितला. वर ठळक अक्षरांत 'कॉपीराइट लेखकांकडेच राहील' असं आहे. मग प्रश्न मिटला ना?

---

कलम_एकोणीस

नाही. खाली 'एक्सक्लूझिव्ह लायसन्स' हे शब्द आहेत का बघा. असतील तर कॉपीराइट नावाला तुमचा, वापरायचे हक्क त्यांचे. जमीन तुमच्या सातबाऱ्यावर आणि कूळ कायमचं, अशातली गत. 'लेखकाचे राखीव हक्क' नावाचा भाग शोधा. तिथे 'स्वीकृत हस्तलिखित' आणि 'संस्थेची रिपॉझिटरी' हे दोन्ही शब्द हवेत. नुसतं 'वैयक्तिक वापर' पुरत नाही.

---

चौथी_घंटा

चौथ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्रीय संशोधन संस्था, अंमलबजावणी इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजातल्या पोराला जे आजवर दिसत नव्हतं ते दिसायला लागलं, हे मोठंच काम आहे.

पण ही वर्गणी आहे, खुलं करणं नाही. गडचिरोलीत खासगी दवाखाना चालवणारी डॉक्टर, शेतकरी उत्पादक कंपनीतला कृषी पदवीधर, पत्रकार, निवृत्त प्राध्यापक, खासगी महाविद्यालयं: यातलं कुणीच सध्या आत नाही. आणि वर्गणी संपली की दारं बंद. तुमचा पेपर त्या १३,००० मध्ये असला तरी रिपॉझिटरीतली प्रत लागणारच.

---

अर्जदार

थोडं अवांतर, पण वाचकांच्या बाजूने. पेपर बंद असला तरी प्रकल्पाचा अंतिम अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो, आणि पुष्कळदा त्यात पेपरहून जास्त तपशील असतो.

केंद्रीय खातं किंवा संस्था असेल तर आरटीआयच्या केंद्रीय पोर्टलवर अर्ज, शुल्क १० रुपये, प्रतींना पानाला २ रुपये. राज्यातल्या विद्यापीठाला अर्ज करताना महाराष्ट्राचे नियम लागतात: एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'संशोधनाची सर्व माहिती द्या' असं लिहिलंत तर हमखास फेटाळलं जाईल. प्रकल्प क्रमांक, मंजुरीचं वर्ष आणि 'प्रकल्प पूर्णत्व अहवालाची प्रत' एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

नकार दोन कलमांवर येतो. ८(१)(ड), म्हणजे व्यापारी गुपित किंवा बौद्धिक संपदा: पेटंटचा अर्ज प्रलंबित असेल तर यात तथ्य असतं, तेव्हा कलम १० खाली तेवढा भाग झाकून उरलेला मागा. दुसरं कलम ९, कॉपीराइट. हे नीट वाचा: राज्यसंस्थेखेरीज दुसऱ्या व्यक्तीच्या कॉपीराइटचा भंग होत असेल तरच नाकारता येतं. प्रकाशकाची छापील पीडीएफ मागितलीत तर हे लागू होईल. खात्याला सादर झालेल्या अहवालाला कलम ९ लावलं तर अपिलात जरूर भांडा.

पीएचडीचा प्रबंध हवा असेल तर अर्जाच्या भानगडीत पडू नका, आधी शोधगंगा (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) बघा. यूजीसीच्या नियमांप्रमाणे विद्यापीठांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटला द्यायची असते.

---

संदर्भकक्ष

पेट्रीडिश, एक राहिलं. जर्नलने संस्थेच्या रिपॉझिटरीसाठी बारा महिने सांगितले आणि पीएमसीवर मात्र पेपर पहिल्या दिवसापासून खुला, अशी स्थिती तुमच्याकडे येऊ शकते. त्यात विसंगती नाही, दोन्ही परवाने वेगळे आहेत. संस्थेच्या नोंदीत पीएमसीचा दुवा लगेच टाका, म्हणजे वाचकाला वर्षभर थांबावं लागणार नाही.

आणि ग्रंथालयात डीस्पेस (रिपॉझिटरी चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर तिथल्या माणसाला दोन गोष्टी सांगा. बंदी (ठरावीक मुदतीपुरता मजकूर झाकणं) फक्त फाइलवर लावा, संपूर्ण नोंदीवर नको, नाहीतर शीर्षक आणि सारांशही लपतात. आणि बंदी जमा करतानाच लावा. फाइल आधी खुली ठेवून नंतर बंदी लावली तर शोधासाठी काढलेली मजकुराची प्रत तशीच उघडी राहू शकते, प्रकाशकाची नोटीस येते ती अशा प्रतीवरून. मुदत मोजायची ती जर्नलने दिलेल्या तारखेपासून: बहुतेक ठिकाणी पहिल्या ऑनलाइन प्रकाशनापासून, अंकाच्या तारखेपासून नव्हे. अंक चार-पाच महिन्यांनी निघतो, तेवढे महिने उगाच वाया जातात.